परतीचा वेग

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाण्याखाली उतरणारा माणूस हा स्कूबाच्या टाकीबरोबर प्रथमच दिसू लागला, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. खाडीत होडी उभी करून, बुडी मारून, तळाची वाळू पाटीत भरून वर आणण्याच्या पद्धतीला सरकारी कागदपत्रांतही ‘हातपाटी’ किंवा ‘डुबी’ याच नावांनी ओळखले जाते. खडकात रुतलेला नांगर सोडवण्यासाठी किंवा पंख्याला गुंडाळलेले जाळे कापण्यासाठी नौकेखाली उतरणारा खलाशी मिऱ्यापासून जयगडपर्यंतच्या कोणत्याही बंदरात भेटतो, आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपांवरून काळवे फोडणाऱ्या व कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून पायाने तिसऱ्या चाचपणाऱ्या स्त्रियांना खाडीच्या तळाची जी ओळख असते, ती नकाशांतही सापडत नाही. मात्र या साऱ्यांच्या पाण्याखालच्या वास्तव्याला एका श्वासाची मर्यादा असते. एवढ्या अवधीत तळाला हात लावता येतो, तेथून काहीतरी उचलून आणता येते. पण तळाशी थांबून तो न्याहाळता येत नाही. स्कूबा या विद्येचा इतिहास म्हणजे ही मर्यादा ओलांडण्याचा इतिहास होय, आणि तो सामान्यतः लाल टोपी घातलेल्या एका फ्रेंच माणसाची कथा म्हणून सांगितला जातो. ती कथा खरी असली तरी अपुरी आहे, कारण पाण्यात उतरण्याचे साधन ज्यांनी दिले त्यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, ऋण पाण्यातून सुखरूप परतण्याचे शास्त्र घडवणाऱ्यांचे आहे.

जाक-इव्ह कूस्तो हा फ्रेंच नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्याँ हा औद्योगिक वायूंच्या कंपनीतील अभियंता, या दोघांनी १९४३ मध्ये जे साधन सिद्ध केले त्याचे मर्म टाकीत नसून रेग्युलेटरमध्ये होते. दाबाखाली भरलेली हवा पाठीवर वाहून नेण्याची कल्पना त्यांच्याही आधीची होती. रुकेरॉल आणि दनेरूझ या दोन फ्रेंच गृहस्थांनी १८६० च्या दशकातच मागणीनुसार हवा सोडणारी झडप बनवली होती, परंतु पुरेसा दाब सहन करणाऱ्या टाक्या त्या काळी उपलब्ध नव्हत्या. अडचण अशी असते की, पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट आणि २० मीटरवर तिप्पट होतो, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळाली तरच छातीला ती आत घेता येते. महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मीळ झाल्याने मोटारी गॅसवर चालवल्या जात होत्या, आणि इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप गान्याँने त्यासाठी तयार केली होती. तीच त्याने श्वासासाठी योजली. एका लवचीक पडद्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा. पाणबुड्याने श्वास ओढला की पडदा आत दबतो, दांडी हलते, झडप उघडते, आणि श्वास थांबताच मिटते.

हे साधन मार्न नदीत प्रथम वापरून पाहिले तेव्हा कूस्तो आडवा पोहत असताना श्वास व्यवस्थित चालला, परंतु तो उभा राहताच हवा भसाभसा वाया जाऊ लागली आणि डोके खाली करताच श्वास ओढणे कठीण झाले. श्वास सोडण्याचे तोंड आणि हवा देणारा पडदा यांच्यात काही इंचांचे अंतर होते, आणि तेवढ्या अंतरातील पाण्याच्या दाबाचा फरकही झडपेला फसवण्यास पुरेसा होता. दोन्ही एकाच पातळीवर आणल्यावर दोष नाहीसा झाला. आज मालवणच्या समुद्रात उतरणाऱ्या प्रत्येक पर्यटकाच्या तोंडातील रेग्युलेटरमध्येही पाणी आणि हवा यांच्यामध्ये एक पडदा असतो, आणि बाहेर सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे त्याच्या जवळूनच निघतात.

कूस्तोचा खरा प्रभाव मात्र यंत्रापेक्षा त्याच्या चित्रपटांतून पसरला. लुई माल या तरुण दिग्दर्शकाच्या साथीने केलेल्या त्याच्या माहितीपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि समुद्राचा तळ रंगांत लोकांच्या डोळ्यांपुढे आला. त्याच चित्रपटात प्रवाळांमध्ये सुरुंग लावून मेलेले मासे मोजण्याची आणि शार्कच्या कत्तलीची दृश्ये आहेत, जी आज पाहवत नाहीत. आणि पुढे हाच माणूस समुद्ररक्षणाचा जगातील सर्वांत मोठा आवाज बनला. या बदलाला महत्त्व दिले पाहिजे, कारण पाण्याखाली दीर्घकाळ थांबू शकलेला माणूस तेथील जीवसृष्टीकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो, हे कूस्तोच्या आयुष्यात जसे घडले तसे ऑस्ट्रियाचे हान्स आणि लोट्टे हास यांच्या आणि १९७० मध्ये दोन आठवडे समुद्रतळावरील निवासात राहिलेल्या सिल्व्हिया अर्ल यांच्या कामातही दिसते.

परंतु हे सारे शक्य होण्यापूर्वी एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर मिळणे आवश्यक होते. एकोणिसाव्या शतकात पुलांचे पाये नदीच्या तळाशी घालण्यासाठी दाबाखालील हवेने भरलेल्या मोठ्या पेट्यांत मजूर काम करीत, आणि बाहेर आल्यावर त्यांचे सांधे असह्य दुखत, काहींना अर्धांगवायू होई, काही मरत. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे कारण दाखवून दिले. वाढलेल्या दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो, आणि दाब एकाएकी उतरला की सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यावर उसळतात तसे त्याचे बुडबुडे शरीरात सुटतात. शुद्ध प्राणवायूसुद्धा अधिक दाबाखाली विषासारखा परिणाम करतो, हेही त्यानेच दाखवले. कारण कळले, पण किती खोलीवरून किती वेळाने आणि किती सावकाश वर यावे, हे सांगणारा हिशेब अद्याप नव्हता.

तो हिशेब जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह मांडला आणि १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. लंडनच्या लिस्टर संस्थेतील दाबकोठीत शेळ्यांना ठेवून, निरनिराळ्या वेगांनी दाब उतरवून त्यांनी निरीक्षणे केली. ज्या शेळीच्या सांध्यात बुडबुडे अडकत ती पुढचा पाय उचलून धरी, आणि त्या उचललेल्या पायावरून संशोधकांना मर्यादा कळे. हॉल्डेनच्या ध्यानात असेही आले की, साधारण १२ ते १३ मीटरपर्यंत काम करणारे पाणबुडे कितीही वेळ थांबून सरळ वर आले तरी त्यांना त्रास होत नाही. यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की, दाब निम्म्यावर येईपर्यंत शरीर तो बदल सहन करते, मग तो दाब मुळात कितीही असो. तेव्हा संथ गतीने सारखे वर येत राहण्याची जुनी पद्धत चुकीची ठरली. तिच्याऐवजी दाब निम्मा होईल तेथपर्यंत आधी येऊन, त्यानंतर ठरावीक खोल्यांवर ठरावीक मिनिटे थांबत वर येण्याची रीत त्याने सुचवली. शरीरातील सर्व ऊती एकाच वेगाने वायू शोषत किंवा सोडत नाहीत, हे ओळखून त्याने रक्तासारख्या जलद आणि मेदासारख्या मंद ऊतींचे वेगवेगळे काळ धरून कोष्टके तयार केली. आज पाणबुड्याच्या मनगटावर जो छोटा संगणक असतो तो बहुतांशी याच विचाराचा विस्तार आहे, आणि आजच्या शिकवणीतील मिनिटाला ९ मीटरहून अधिक वेगाने न चढण्याचा नियम व ५ मीटरवर ३ मिनिटे थांबण्याची सवय हीही त्याच वंशातली. या विद्येत सर्वांत मोठे ऋण कोणाचे, असा प्रश्न आला तर त्याचे उत्तर हॉल्डेन हेच द्यावे लागेल.

या घराण्याचा धागा पुढे भारतापर्यंत येतो, आणि स्कूबाच्या प्रचलित इतिहासांत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. जॉन हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन याला वडिलांनी १९०६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, स्कॉटलंडच्या समुद्रात मोठ्यांच्या मापाचा पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली सोडले होते, आणि सैल बाह्यांतून आत शिरणाऱ्या पाण्याने तो भरत आला होता. पुढे आनुवंशशास्त्रातील थोर नाव ठरलेल्या या माणसाने १९३९ मध्ये ‘थेटिस’ पाणबुडीच्या दुर्घटनेत ९९ माणसे गुदमरून मेल्यानंतर, बुडालेल्या पाणबुडीतून सुटका कशी व्हावी याचा शोध घेण्यासाठी स्वतःच्याच देहावर प्रयोग आरंभले. बर्फाच्या थंडीत, दाबकोठीत, निरनिराळ्या वायूंच्या मिश्रणांवर तो आणि त्याचे सहकारी श्वास घेत, आणि दाबाखालील प्राणवायूने आलेल्या आकड्यांमध्ये त्याच्या पाठीचे मणके दुखावले. १९५७ मध्ये तो प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कलकत्त्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, भारताचे नागरिकत्व त्याने स्वीकारले, आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्याचे निधन झाले. पाण्याखाली मानवी देह काय सहन करू शकतो याचे ज्ञान ज्याने स्वतःच्या हाडांची किंमत देऊन मिळवले, तो माणूस भारतीय नागरिक म्हणून मेला, ही गोष्ट भारतातील प्रत्येक पाणबुड्याला शिकवली जावी.

येथे डुबी आणि स्कूबा यांतील एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण किनाऱ्यावरच्या सराईत पोहणाऱ्यांना तो सर्वाधिक धोक्याचा ठरू शकतो. डुबी मारणारा छातीभर हवा पृष्ठभागावर घेतो. खाली जाताना ती दाबाने आकसते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते, म्हणून श्वास रोखणे हेच त्याचे कसब असते. स्कूबावाला मात्र दाबाखालची हवा खोलीवरच छातीत भरतो, आणि ती रोखून तो १० मीटरवरून वर आला तर तिचा आकार दुप्पट होऊ पाहतो व फुफ्फुस फाटू शकते. बापाने खाडीत मुलाला शिकवलेला पहिला धडा टाकी पाठीवर चढताच विसरावा लागतो. यासाठीच १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेला सब-अ‍ॅक्वा क्लब, १९५९ ची जागतिक संघटना, जिचा पहिला अध्यक्ष कूस्तोच होता, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत जॉन क्रोनिन व राल्फ एरिक्सन यांनी उभी केलेली पॅडी ही संस्था, यांनी शिक्षणाचे टप्पे आणि परीक्षा ठरवल्या, ही त्यांची कामगिरी यंत्राच्या शोधाइतकीच मोलाची आहे.

भारतात या विद्येला ज्ञानाच्या कामी जुंपण्याचे श्रेय प्रथम शिकारीपूर रंगनाथ राव यांना द्यावे लागते. लोथलचे उत्खनन करणाऱ्या या पुरातत्त्वज्ञाने गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्व केंद्राची पायाभरणी केली आणि द्वारकेच्या समुद्रात उत्खनन घडवले. त्याच केंद्राचे सिला त्रिपाठी आदी संशोधक पुढे गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी उतरले, तेव्हा सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत तोफांबरोबर हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. आफ्रिकेपासून गोव्यापर्यंतच्या व्यापाराचा हा दाखला कोणत्याही दप्तरापेक्षा बोलका आहे. विजयदुर्गाजवळही या केंद्राने पाण्याखालची पाहणी केली आणि किल्ल्यापासून काही अंतरावर समुद्रात बुडालेली दगडी भिंत अभ्यासली, जिच्यावर शत्रूची गलबते आदळून फुटत, असे परंपरा सांगते. वाघोटण खाडीकाठी गिर्ये येथील आंग्रेकालीन गोदी आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी याच बंदरात जाळलेले तुळाजी आंग्रे यांचे आरमार लक्षात घेतले, तर मराठ्यांच्या सागरी इतिहासाचा एक भाग अजून गाळाखालीच आहे, असे म्हणावे लागते. रत्नागिरीतील अभ्यासकांनी मोडी कागदांइतकेच या गाळाकडे वळणे आता अगत्याचे झाले आहे.

जीवसृष्टीच्या बाबतीत अशी सुरुवात १९७९ मध्ये झाली. त्याच समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक सय्यद झहूर कासिम आणि त्यांचे सहकारी वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरी, मालवण आणि रेडी येथे जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, तेव्हा ही तिन्ही ठिकाणे नोंदीच्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. प्रवाळ हा जीव असून त्याच्या ऊतींमध्ये राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला प्रकाश लागतो. कोकणच्या नद्या पावसाळ्यात जांभ्याची लाल माती समुद्रात ओततात, पाणी गढूळ आणि कमी खारट होते, आणि असे असूनही येथे प्रवाळ टिकून आहेत. स्वच्छ पाण्यातील लक्षद्वीपच्या प्रवाळांहून ते रूपाने साधे, पण सोसण्याच्या शक्तीने अधिक लक्षणीय आहेत. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले, ज्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. मासेमारीवर पोट असलेल्या गाबीत समाजाचा त्याला विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता, कारण तळाशी काय आहे आणि ते का राखायचे, हे किनाऱ्यावरच्या माणसाला कोणी दाखवले नव्हते.

ते दाखवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्ली येथील स्कूबा प्रशिक्षण संस्थेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता, आणि त्यांच्या कामाचा विशेष असा की, पाण्याखाली नेण्याचे शिक्षण त्यांनी बाहेरून आणलेल्या माणसांपुरते न ठेवता मालवणच्या तरुणांना दिले. रापणीवर दोर ओढणाऱ्या घरातील मुलगा प्रवाळाची जात ओळखू लागतो, पाण्याचे तापमान टिपू लागतो, तेव्हा अभयारण्याच्या सीमेचा अर्थ त्याला सरकारी फलकावाचून कळतो.

मालवणात आता हंगामात पर्यटकांची रीघ लागते, आणि पोहता न येणाऱ्या माणसालाही प्रशिक्षक हाताला धरून काही मिनिटे तळाचे दर्शन घडवतो. या अनुभवाचे मोल कमी लेखू नये; अनेकांच्या मनात समुद्राविषयीचे ममत्व त्याच मिनिटांत जागे होते. तरीही एकाच खडपावर दिवसभर उतरणारी माणसे, प्रवाळांवर टेकणारे पाय आणि मासे जमावेत म्हणून टाकलेले खाद्य यांचा भार त्या छोट्या क्षेत्राला सोसत नाही, आणि उष्ण पाण्यामुळे प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटना गोव्याच्या संशोधकांनी याच अभयारण्यात नोंदवल्या आहेत. २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या समुद्रात बुडवून तिच्याभोवती कृत्रिम प्रवाळक्षेत्र निर्माण करण्याची राज्याची योजना या दृष्टीने स्वागतार्ह ठरते, कारण तिच्यामुळे जुन्या खडपांवरील गर्दी काही अंशी तरी हटेल.

या किनाऱ्यासमोरचे सर्वांत मोठे काम मात्र पर्यटकांच्या आवाक्यापलीकडे आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारे आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. लांबी सुमारे ४० आणि रुंदी सुमारे १५ किलोमीटर, आणि माथ्यावरही २० मीटरहून अधिक पाणी. नद्यांचा गाळ तेथवर पोहोचत नसल्याने प्रकाश खोल उतरतो, आणि म्हणूनच तेवढ्या खोलीवरही प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. कुलकर्णी यांच्या मोहिमांनी या पठाराकडे लक्ष वेधले. डिसेंबर २०१९ मध्ये कोचीचे सागरी सजीव संसाधन व परिसंस्था केंद्र आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी यांच्या संशोधकांनी तेथे सर्वेक्षण केले. अशा ठिकाणी हॉल्डेनचे कोष्टक पुस्तकात मिटून ठेवता येत नाही. २० मीटरवर दाब तिप्पट असतो, थांब्यांवाचून परतायचे तर तेथे पाऊण तासाहून अधिक राहता येत नाही, आणि एखाद्याच्या शरीरात बुडबुडे सुटलेच तर उपचाराची दाबकोठी समुद्रातून कित्येक तासांच्या अंतरावर असते. म्हणून प्रत्येक उतरणीची वेळ, खोली आणि विश्रांती लिहून ठेवावी लागते, आणि प्रवाळांचे एक चौकटभर छायाचित्र मिळवण्यासाठी त्या हिशेबात बसतील तेवढीच मिनिटे खर्ची घालता येतात. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयापासून आणि रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रापासून हे पठार नौकेच्या एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तेथे वर्षानुवर्षे नोंदी ठेवणारे पथक परगावाहून आलेल्या मोहिमांवर विसंबून उभे राहणार नाही. मिऱ्या, काळबादेवी, भाट्ये येथील ज्या घरांत डुबी पिढ्यानपिढ्या चालत आली, त्यांतील मुलामुलींना शरीरशास्त्र आणि परतीचे कोष्टक शिकवूनच ते उभे करावे लागेल.